सावत्र आयांना कुठे ठेवायचं?

तुम्ही काम काय करता, असं कुणी विचारलं, की सूचीताई आधी समोरच्याला किती वेळ आहे ते बघत. माणूस घाईत असेल तर म्हणत, "ऑफिसात असते." निवांत असेल तर सांगत, "लोकांनी लिहिलेले लेख वाचते आणि ते कशाबद्दल आहेत ते ठरवते." यावर बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असे. "म्हणजे लिहिणाऱ्याला ते माहीत नसतं?" आणि सूचीताई अगदी मनापासून उत्तर देत, "पुष्कळदा नसतं हो."

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन मजल्यांत त्यांचं ऑफिस होतं. इतिहास, साहित्य, कला, लोकजीवन या विषयांवर मासिकांतून आणि संशोधनपत्रिकांतून जे जे छापून येई, त्याची नोंद तिथल्या डेटाबेसमध्ये होई. वरच्या मजल्यावर सूचीताईंसारखी माणसं टेबलाला टेबल लावून वाचत बसलेली. खालच्या मजल्यावर संशोधकांसाठी एक खोली, तिथे काही कॉम्प्युटर आणि जुन्या अंकांची कपाटं. खोलीत बोलायचं नाही असा नियम होता आणि तो सर्वांत जास्त ऑफिसातलेच लोक मोडत.

प्रत्येक लेखाला चार-दोन विषयशब्द द्यायचे, एवढंच काम. पण शब्द मनाचे चालत नसत. ते ऑफिसच्या ठरलेल्या यादीतून, म्हणजे शब्दावलीतूनच घ्यावे लागत. एकाने 'पंतोजी' लिहावं, दुसऱ्याने 'गुरुजी', तिसऱ्याने 'मास्तर', शब्दावली तिघांनाही एकाच घरात घाली: 'पंतोजी', ऐवजी 'शिक्षक' वापरा. मग 'शिक्षक' शोधणाऱ्याला तिघेही मिळत. शिवाय प्रत्येक शब्दाला एक वरचा शब्द असे आणि काहींना खालचे. 'शिक्षक'च्या वर 'व्यवसाय', खाली 'संगीत शिक्षक'. लेख ज्या शब्दात नेमका बसतो तोच द्यायचा, त्याचा वरचा पुन्हा द्यायचा नाही. आणि सगळंच हवं असेल त्याने शोधताना 'खालच्या शब्दांसह' या चौकोनात टिक करायची, की मुलंबाळं, नातवंडं सगळी हजर.

एवढी वर्षं हे केल्यावर माणसाच्या डोक्याला एक वळण पडतं. सूचीताई भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा मूळ मुद्दा काय ते आधी ठरवून घेत. त्यांचा नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासणारा, सावकाश बोलणारा माणूस. तो म्हणे, "आमच्या हिला भांडायचं असलं तरी आधी विषय लागतो. तोवर माझा चहा पिऊन होतो." सूचीताई हे अंगाला लावून घेत नसत. कुठल्याही लेखाची दोन पानं चाळून त्याचा विषय सांगणारी बाई अशी त्यांची ऑफिसात ख्याती होती, आणि त्यावरूनच हे टोपणनाव पडलं होतं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

एकाच गोष्टीचा विषय मात्र त्यांना कधी ठरवता आला नाही, आणि ती गोष्ट त्यांच्या घरातच होती.

सूचीताई या घरात आल्या तेव्हा घरात एक मुलगी होती, पुढचे दोन दात पडलेली. तिची आई ती रांगायला लागायच्या आधीच गेली होती. लग्न साधंच झालं. त्या दिवशी शेजारच्या काकूंनी मुलीला खांद्याला धरून पुढे ढकललं आणि म्हणाल्या, "ही तुझी मावशी बरं का." मुलगी बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "हिला माझी खोली द्यायची आहे का?" नाही म्हटल्यावर ती आत गेली आणि तो विषय तिच्यापुरता मिटला.

शब्द तेवढा राहिला. मावशी, माझा कंगवा कुठाय. मावशी, उद्या बाईंनी पुठ्ठा आणायला सांगितलाय. मावशी, माझ्या पोटात दुखतंय, पण शाळेत जायचं नाही म्हणून नाही, खरंच दुखतंय. सूचीताईंनी तिच्या वेण्या घातल्या, कांजिण्यांत रात्रंदिवस उशाशी बसल्या, गणितात डोकेफोड केली. एकदा उवा झाल्या म्हणून तिचे लांब केस कापून टाकले, तेव्हा ती कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. बाकी भांडण असं नाही आणि गळ्यात पडणंही नाही. दोघींचं जमायचं. जमायचं म्हणजे नेमकं काय, हे मात्र सूचीताईंना सांगता आलं नसतं. दिवाणखान्यातल्या फोटोवरची धूळ त्याच पुसत, आणि पुसताना फोटोतल्या तरुण बाईकडे बघून त्यांना दर वेळी वाटे, की आपण हिच्या जागी आहोत की हिच्या शेजारी.

ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं. लपवण्यासारखं काही नव्हतं, पण सुरुवातीला कुणी विचारलं नाही आणि नंतर मुद्दाम सांगायचं तर त्याला काही निमित्त लागतं.

ती मुलगी आता पीएच.डी. करत होती. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "माझा विषय ठरला."

"कुठला?" नवऱ्याने विचारलं.

"सावत्र आया. आत्मचरित्रांत आणि आठवणींत त्या कशा येतात, ते."

नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला होता, तो तसाच खाली ठेवला आणि मिठाची वाटी उगाचच पुढे सरकवली. सूचीताई म्हणाल्या, "बरं." यापेक्षा नेमका शब्द त्यांना सापडला नाही.

"पण ठरला म्हणजे अजून तसा नाही," मुलगी जेवता जेवता म्हणाली. "सर म्हणतात, महिनाअखेरपर्यंत पुरेसे लेख दाखव, नाहीतर विषय बदल. आणि मावशी, तुमच्या डेटाबेसमध्ये काही नाहीये गं. मी बघितलं."

"काय टाकून बघितलंस?"

"टाकलं काही काही. सावत्र आई वगैरे."

दुसऱ्या दिवशी सूचीताईंनी ऑफिसात स्वतः ते दोन शब्द टाकले आणि समोर आलं ते वाचून कपाळाला हात लावला. कालव्याच्या पाणीवाटपात एका भागाला मिळालेली सावत्र आईची वागणूक. रेल्वेचं एका मार्गाशी सावत्र आईसारखं वागणं. नाटकाच्या परीक्षणात कुणी तक्रार केली होती, की आपल्या रंगभूमीने प्रकाशयोजनेला कायम सावत्र आईच्या नजरेनं पाहिलं. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचंही तेच रडगाणं होतं. सावत्र आयांचा असा भलामोठा ढीग, आणि त्यात औषधालासुद्धा एक बाई नव्हती.

खऱ्या बायका दुसरीकडे होत्या, हे सूचीताईंना आठवत होतं. त्यातल्या काहींना त्यांनीच जागा दिली होती. एका गायिकेच्या जडणघडणीवरचा लेख होता. तिचा गळा तयार केला तो वडिलांच्या दुसऱ्या बायकोने. लेखाच्या नावात 'सावत्र' नाही, पहिल्या पानावर नाही. शब्दावलीत 'सावत्र आया' असा शब्दच नव्हता, म्हणून त्यांनी त्या बाईला 'माता' या शब्दाखाली घातलं होतं. अशा पुष्कळ असणार, सगळ्या मातांच्या गर्दीत मिसळून गेलेल्या. त्यांना बाहेर काढायचं तर आधी नवीन शब्द हवा. तो झाला की जुन्या नोंदी एकेक करून त्याच्याखाली आणता येतील, आणि मुलीला तिच्या सरांपुढे ठेवायला हवं तेवढं मिळेल. सूचीताईंना अगदी हुरूप आला. आपल्याला हिच्यासाठी काहीतरी करता येण्यासारखं आहे, आणि तेही आपल्या हातातलं, या विचाराने त्या दिवशी त्या दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढल्या.

शब्दावलीचा शेवटचा शब्द संपादकांचा. बारीक अंगाचे, पेन्सिलींना सतत टोक करणारे गृहस्थ. माणूस सरळ, फक्त सरळपणा जरा जास्तच. सूचीताईंनी बैठकीत नवा शब्द मांडला तेव्हा ते खूश झाले.

"हवाच होता हा. लेख पुरेसे आहेत?"

"आहेत."

"मग प्रश्नच नाही. याचा वरचा शब्द कोणता द्यायचा?"

सूचीताईंनी हे घरून ठरवून आणलं नव्हतं, ठरवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "माता."

"कसोटी लावून बघू," संपादक म्हणाले. त्यांची ही आवडती कसोटी होती, कुठलाही शब्द दुसऱ्याच्या खाली लावायचा तर ती लागतेच. "प्रत्येक संगीत शिक्षक हा शिक्षक असतो का? असतो. म्हणून तो शिक्षकाच्या खाली. आता, प्रत्येक सावत्र आई ही आई असते का?"

"नसते," वास्तुकलेचे लेख बघणारा सहकारी मान वर न करता म्हणाला.

"असते की," नाटकांचे लेख बघणारी म्हणाली. "नावातच आई आहे."

"नावात काय, हातपंपात हात असतो," वास्तुकलेवाला म्हणाला. दोघांची जुंपली. संपादकांनी पेन्सिल आपटून त्यांना गप्प केलं.

"भांडू नका. आपल्याकडे 'विवाहाने जडलेली नाती' आहेच. सासू, जाऊ, नणंद तिथे आहेत. सावत्र आई म्हणजे बापाची बायको. नातं लग्नामुळे आलं. तर्काने ती तिथे जाते. तरी पण घाई नको. सूचीताई, नात्यांचा विभाग तुमचा. शुक्रवारी तुम्ही सांगाल ते करू."

सूचीताईंना तोंडात मारल्यासारखं झालं. बापाची बायको. त्यांनी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं, पण लिहिलं काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्याचा भुगा व्हायला लागला. 'माता' म्हणावं, तर आपण स्वतःचीच वकिली करतो आहोत असं वाटे. 'विवाहाने जडलेली नाती' म्हणावं, तर आपल्याच हाताने स्वतःला उचलून नणंदा-जावांच्या रांगेत नेऊन उभं केल्यासारखं. आणि त्या एकट्याच जाणार नव्हत्या. ती गायिकेची आई जाणार, आणखी किती जणी जाणार. यापुढे कुणी 'माता' शोधलं आणि खालच्या शब्दांसहच्या चौकोनात टिक केली, तरी त्यातली एकही पुन्हा दिसणार नव्हती.

म्हणून त्यांनी लेख पुन्हा काढून वाचायला घेतले. इतकी वर्षं त्या लेखांना विषय देत आल्या होत्या, आता लेखांनी आपल्याला काहीतरी द्यावं अशी त्यांची अपेक्षा होती. गायिका सगळ्या लेखभर 'आई' म्हणत होती, आणि मध्येच एका वाक्यात, मी शाळेत जायला लागल्यावर आई आमच्या घरी आली, असं सांगून पुढे रियाजाकडे वळली होती. ही आई, यात शंका नाही, असं म्हणून सूचीताईंनी दुसरा लेख घेतला. त्यात एका अधिकाऱ्याच्या सावत्र आईने जेवणाच्या कपाटाला कुलूप लावलं होतं आणि किल्ली कमरेला. हिला आई म्हणायला सूचीताईंची जीभ रेटेना. मग एका चित्रकाराचा लेख निघाला. त्याची सख्खी आई त्याला पाळण्यात टाकून निघून गेली ती परत फिरकली नाही. ती बाई 'माता'खाली अगदी आरामात बसली होती, तिला कुणी कसोटी लावली नव्हती. याचा सूचीताईंना मनस्वी राग आला. पण राग आला हे काही बैठकीत सांगायचं कारण होऊ शकत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट आतून कुरतडत होती. मुलीने हाच विषय का घेतला? जगात विषयांना काय तोटा होता? तिला काही मांडायचं आहे का, इतकी वर्षं मनात ठेवलेलं? सूचीताई एकेक प्रसंग आठवायला लागल्या. हरवलेल्या मोज्यांवरून आवाज चढवला होता. सहलीला पाठवलं नव्हतं, ताप होता म्हणून, पण ताप उतरत आला होता हेही खरं. आणि ते केस. प्रबंधात केसांचं एक अख्खं प्रकरण असेल, असं त्यांना भाजी चिरता चिरता वाटून गेलं, आणि मग स्वतःचंच हसू आलं, आणि मग ते हसू टिकलं नाही.

नवरा मोरीतल्या नळाचा वायसर बदलत बसला होता. त्यांनी दारात उभं राहून विचारलं, "अहो, सावत्र आई ही आई असते का?"

"कुणाची?"

"कुणाचीही. सर्वसाधारण."

"सर्वसाधारण मला नाही सांगता येणार," तो पान्हा फिरवत म्हणाला. "एखादं घर दाखव, मग सांगतो पाणी कुठून येतं ते."

"मी गंभीरपणे विचारतेय."

"मीपण गंभीरपणेच सांगतोय." त्याने वर पाहिलं. "काय झालंय?"

त्यांनी बैठकीतलं सगळं सांगितलं. बापाची बायको म्हणाले, हेही सांगितलं. त्याने पान्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "मग तिलाच विचार ना."

"तिला कसं विचारू?"

"जसं मला विचारलंस तसं."

ते शक्य नव्हतं, आणि का शक्य नव्हतं ते नवऱ्याला समजावणं त्याहून अवघड होतं. मुलगी 'नाही' म्हणाली तर इतक्या वर्षांचं जमलेलं सगळं कुठे ठेवायचं? आणि 'हो' म्हणाली, तर ती मनापासून म्हणाली की मावशीला वाईट वाटू नये म्हणून, हे कळणार कसं? मुलगी शहाणी होती, दुसऱ्याचं मन राखून बोलणारी होती. तसं वागायला सूचीताईंनीच तिला शिकवलं होतं. नळ गळायचा थांबला होता. नवरा हात पुसत म्हणाला, "बघ बुवा, तुमच्या ऑफिसातलं तुम्हाला माहीत."

गुरुवारी दुपारी मुलगी खालच्या खोलीत आली. तिच्या सरांनीच तिला पाठवलं होतं, घरून शोधून मिळत नाही तर तिथे जाऊन बस म्हणून. सूचीताईंनी तिला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि चार गोष्टी दाखवल्या. वरच्या चौकोनात मनातलं काहीही टाकून शोधायचं नाही, तिथे कालवे आणि रेल्वे येतात. 'विषय' उघडायचा, शब्द कुठल्या घरात बसला आहे ते बघायचं, शेजारीपाजारी कोण आहेत ते बघायचं, मग निवडायचा. मुलगी पटकन शिकली. नवा शब्द सूचीताईंनी तात्पुरता चढवून ठेवला होता, 'सावत्र आया (विचाराधीन)'. त्याला वर काही नव्हतं आणि खाली काही नव्हतं. मुलीने तो बघितला, पण काही विचारलं नाही. सूचीताईंनीही काही सांगितलं नाही. तिच्यासाठी जुने अंक काढायला म्हणून त्या कपाटांच्या मागे गेल्या.

तेवढ्यात चहाचा कप हातात घेऊन संपादक खाली आले. संशोधकांशी गप्पा मारायची त्यांना सवय होती. शोधणारा माणूस काय शोधतो हे त्याच्याकडूनच ऐकावं, असं ते म्हणत, आणि ऐकतही. कोपऱ्यातली ही मुलगी कोण हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिच्या पडद्यावरचा शब्द बघून ते थबकले.

"तुम्ही यावर काम करता?"

"हो, सर. म्हणजे मिळालं तर."

"छान. मग एक विचारतो, आमच्या उपयोगाचं आहे. हा शब्द आमच्याकडे नाहीच, असं समजा. सावत्र आयांवरचं लिखाण हवं आहे. तुम्ही पहिल्यांदा कुठे बघाल? मातांमध्ये, की विवाहाने जडलेल्या नात्यांमध्ये?"

कपाटांच्या मागे सूचीताईंच्या हातात अंकांचा गठ्ठा होता. तो खाली ठेवावा तर आवाज होईल, बाहेर जावं तर दोघांच्या मध्ये जाऊन उभं राहावं लागेल. त्या होत्या तिथेच राहिल्या. आपल्याला हे ऐकायचं नाही, असं त्यांना वाटलं, आणि त्याच वेळी मुलीने जरा मोठ्याने बोलावं असंही वाटलं.

"दोन्हीकडे नाही बघितलं मी," मुलगी म्हणाली.

सूचीताईंनी गठ्ठा छातीशी धरला.

"मग कुठे?"

"हसू नका सर. मी पहिल्यांदा 'मावशी' टाकलं होतं."

"मावशी?" संपादकांनी कप टेबलावर ठेवला. "मावशी म्हणजे आईची बहीण."

"हो ना, तेच आलं. सगळ्या आईच्या बहिणी. मग माझ्या लक्षात आलं, की बाकीचे लोक तसं म्हणत नसणार."

"पण सावत्र आईसाठी मावशी का टाकलंत?"

"सावत्र आईसाठी नव्हतं टाकलं." मुलगी जरा अडखळली. पुढचं ती सावकाश बोलली, आपलं आपल्यालाच नीट मांडून बघावं तसं. "माझ्या डोक्यात विषय तसा नव्हताच आधी. माझ्या आईसारख्या आया, असा होता. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिलंय का, ते बघायचं होतं. आणि आमच्या घरी आईला मावशी म्हणतात. 'सावत्र' हा शब्द सरांनी दिला. म्हणाले, प्रबंधात असंच लिहावं लागतं, नाहीतर कुणाला कळणार नाही."

सूचीताई जुन्या अंकांच्या पाठींवरची नावं वाचत होत्या आणि एकही नाव त्यांना लागत नव्हतं. डोळ्यांत आलेलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

"हे मला नवीन आहे," संपादक म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरचा गोंधळ होता. "नात्यांचा विभाग ज्या बघतात त्यांना विचारू. कपाटांच्या फटीतून दिसताय, सूचीताई, तुम्हीच ना? जरा बाहेर या. असं असतं का हो कुठे? आईला मावशी म्हणतात?"

सूचीताई गठ्ठ्यासकट बाहेर आल्या. मुलगी वळली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मावशी, तुला सगळं ऐकू आलं?"

संपादकांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. पेन्सिल खिशातून काढली, पुन्हा ठेवली. त्यांच्यासारख्या माणसालाही कसोटी कुठून लावायची ते कळेना.

"असतं, सर," सूचीताई म्हणाल्या. "आमच्याकडे आहे."

"मग उद्याच्या बैठकीत," ते चाचरत म्हणाले, "म्हणजे तुमचं मत काय धरायचं? प्रत्येक सावत्र आई ही..."

"ते मला अजून नाही सांगता येत. प्रत्येकीचं मला कसं कळणार?" त्यांनी अंक मुलीच्या टेबलावर ठेवले, मग पदराने डोळे पुसले, कुणापासून न लपवता. "पण हिने मला शोधलं आणि मी सापडले नाही. ते आधी दुरुस्त करू या."